गार्वी यांचे विचार गोव्याने मुळातून वाचावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडन यांनी पदावरून पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १९ जानेवारी २०२५ रोजी, जमैकात जन्मलेले कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांना मरणोत्तर माफी दिली. १९२३ मध्ये झालेल्या शिक्षेचा कलंक गार्वी यांच्या मृत्यूनंतर ८४ वर्षांनी कायद्याच्या कागदावरून पुसला गेला. यासाठी त्यांच्या कुटुंबीयांनी आणि अनुयायांनी कित्येक दशके पाठपुरावा केला होता. आपल्याकडच्या मराठी वृत्तपत्रांत ही बातमी माझ्या वाचनात फारशी आली नाही. जिथे आली तिथे ती चार ओळींत आटोपली होती, आणि गार्वी कोण होते हे सांगण्याइतकी जागा त्या चार ओळींत नव्हती. गोव्यातील मराठी वाचकाला हा माणूस सविस्तर ठाऊक असायला हवा, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे काहीसे लांब पत्र लिहीत आहे.

गार्वी यांचे एक वाक्य गोव्यात रोज ऐकू येते, मात्र ते त्यांचे आहे हे फार थोड्यांना माहीत असते. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात, कळंगुटच्या आणि हरमलच्या दुकानांत बॉब मार्ली या जमैकन गायकाचे चित्र छापलेले सदरे टांगलेले असतात, आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये त्याचे ‘रिडेम्प्शन सॉंग’ हे १९८० मधील गीत वाजत असते. मानसिक गुलामगिरीतून स्वतःला मुक्त करा, असे सांगणारी त्या गीतातील ओळ गार्वी यांच्या भाषणातून आलेली आहे. ते भाषण त्यांनी ऑक्टोबर १९३७ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या सिडनी या गावी केले. पोलादाच्या कारखान्यात आणि कोळशाच्या खाणीत राबण्यासाठी कॅरिबियन बेटांवरून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे राहत होती. त्यांच्यापुढे गार्वी म्हणाले, “आपण मानसिक गुलामगिरीतून स्वतःची सुटका करून घेणार आहोत, कारण शरीराला दुसरा कोणी मुक्त करू शकेल, पण मनाला आपल्यावाचून कोणीही मुक्त करू शकणार नाही.” गीतात इथवरचाच भाग आला आहे. भाषणात मात्र गार्वी पुढे जातात. मन हाच तुमचा एकमेव राजा आहे, ज्याला आपले मन घडवता आणि वापरता येत नाही तो मन वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाचा गुलाम होणारच, असे ते बजावतात. ही पुढची वाक्ये मला अधिक मोलाची वाटतात, कारण तिथे स्वातंत्र्याची घोषणा थांबते आणि अभ्यासाची, मेहनतीची अट सुरू होते.

गार्वी यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८७ रोजी जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील सेंट अ‍ॅन्स बे या लहानशा बंदरगावात झाला. वडील दगडकाम करणारे गवंडी होते आणि त्यांना वाचनाची मोठी आवड होती. आई लोकांच्या घरी काम करीत असे आणि थोडीफार शेती पाही. अकरा भावंडांपैकी मार्कस आणि बहीण इंडियाना एवढी दोनच मोठेपणापर्यंत जगली. शेजारी एका गोऱ्या पाद्र्याचे घर होते आणि त्यांच्या मुलीबरोबर मार्कसचे बालपण खेळण्यात गेले. मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा तिला शिक्षणासाठी स्कॉटलंडला धाडण्यात आले आणि या मुलाला कधीही पत्र लिहायचे नाही, अशी ताकीद तिला देण्यात आली. माणसामाणसांत वर्णाचा भेद असतो हे आपल्याला त्या दिवशी प्रथम कळले, असे गार्वी यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच वयात त्यांची शाळा सुटली आणि ते आपल्या धर्मपित्याच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. खिळे जुळवता जुळवता शब्दाची ताकद त्यांच्या हाताला कळली. किंग्स्टन शहरात ते एका मोठ्या छापखान्यात फोरमन झाले, परंतु कामगारांनी संप पुकारला तेव्हा फोरमनच्या खुर्चीला चिकटून न राहता ते संपकऱ्यांबरोबर उभे राहिले आणि नोकरी गमावून बसले.

त्यानंतर पोट भरण्यासाठी ते मध्य अमेरिकेत गेले. कोस्टा रिकामध्ये युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीच्या मळ्यांत त्यांनी मजुरांची हजेरी मांडण्याचे काम केले, पनामा पाहिला, आणि जिथे जातील तिथे आपल्यासारखीच माणसे सर्वांत खालच्या पायरीवर राबताना त्यांना दिसली. १९१२ ते १९१४ या काळात ते लंडनमध्ये होते. तिथे इजिप्शियन वंशाचे संपादक दुसे मोहम्मद अली यांच्या नियतकालिकात काम करताना आशिया आणि आफ्रिकेतील पारतंत्र्याविरुद्ध लिहिणाऱ्या माणसांशी त्यांचा परिचय झाला. कृष्णवर्णीय अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र वाचल्यावर आपल्या मनात उठलेला प्रश्न त्यांनी नोंदवून ठेवला आहे: “काळ्या माणसाचे सरकार कुठे आहे? त्याचा राजा आणि त्याचे राज्य कुठे आहे? त्याचा अध्यक्ष, त्याचा देश, त्याचा राजदूत, त्याचे सैन्य, त्याचे आरमार, मोठमोठे कारभार सांभाळणारी त्याची माणसे कुठे आहेत? मला ती सापडली नाहीत, तेव्हा मी ठरवले की ती निर्माण करायला मी हातभार लावीन.” वयाच्या पंचविशीच्या आसपास, खिशात परतीच्या भाड्यापलीकडे फारसे काही नसताना, हा विचार एका गवंड्याच्या मुलाने केला. १९१४ च्या उन्हाळ्यात जमैकात परतताच त्यांनी ‘युनिव्हर्सल नीग्रो इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. १९१६ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले, आणि न्यूयॉर्कमधील हार्लेम ही वस्ती या संघटनेचे केंद्र बनली.

ऑगस्ट १९१८ मध्ये त्यांनी ‘नीग्रो वर्ल्ड’ हे साप्ताहिक सुरू केले. इंग्रजीबरोबरच त्यात स्पॅनिश आणि फ्रेंच मजकूरही असे. ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहतींच्या सरकारांनी अनेक ठिकाणी त्यावर बंदी घातली, तरी खलाशी आपल्या सामानात लपवून त्याचे अंक बंदरोबंदरी पोहोचवीत राहिले. याविषयीची एक आठवण केनियाचे नेते जोमो केन्याटा यांनी इतिहासकार सी. एल. आर. जेम्स यांना सांगितली होती. १९२१ च्या सुमारास केनियातील ज्या राष्ट्रवादी तरुणांना वाचता येत नव्हते, ते या साप्ताहिकाच्या वाचकाभोवती जमत, एकेक लेख दोनतीनदा ऐकून पाठ करीत, आणि मग रानवाटांनी निरनिराळ्या दिशांना धावत जाऊन तो लेख वाट पाहणाऱ्या लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवीत. वृत्तपत्राचे इतके मोठे मोल करणारा वाचकवर्ग क्वचितच कुठल्या संपादकाला लाभला असेल. संपादक महोदय, आपल्या व्यवसायाचा हा गौरव म्हणूनच मी मुद्दाम इथे नोंदवीत आहे.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि हार्लेमची वस्ती त्या विद्यापीठाच्या शेजारीच आहे. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले ते ३१ जानेवारी १९२० रोजी, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गार्वी यांच्यापुढे सुमारे २५ हजारांचा समुदाय जमला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध जोडण्याचा मोह मला नाही. तरीही ज्यांना बोलण्याचा हक्क नाकारला गेला होता त्यांनी पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वर्षी आपले मुखपत्र आणि आपला मेळावा उभा करावा, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात शेजारीशेजारी मांडण्यासारखी नक्कीच आहे.

त्या १९२० च्या अधिवेशनाने जगातील कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. कृष्णवर्णीय मुलांना शाळेत त्यांचा स्वतःचा इतिहास शिकवला जावा, ही त्यातील एक मागणी होती. लाल, काळा आणि हिरवा हे तीन रंग त्यांनी आपल्या वंशाचे रंग म्हणून घोषित केले आणि ते रंग आजही जगभर त्याच अर्थाने वापरले जातात. संघटनेच्या शाखा पुढे सुमारे ४० देशांत पसरल्या. किराणा दुकाने, उपाहारगृहे, धुलाई केंद्रे, टोप्या शिवण्याचे कारखाने, छापखाना असे उद्योग संघटनेने काढले आणि त्यांत कृष्णवर्णीयांना रोजगार मिळाला. परिचारिकांचे स्वतंत्र पथक होते. लहान मुलींसाठी काळ्या रंगाच्या बाहुल्याही बनवल्या जात. ज्या मुलीच्या हातात जन्मापासून गोरी बाहुलीच पडली, तिला आपल्यासारखी दिसणारी बाहुली छातीशी धरताना काय वाटले असेल, याचा विचार वधूवरांच्या जाहिरातीत आजही ‘गोरी’ हा शब्द अगत्याने छापणाऱ्या आपल्या समाजाने करायला हवा. भाषणाच्या शेवटी गार्वी लोकांना हाक देत, “उठा, हे सामर्थ्यशाली लोकहो, तुम्ही मनात आणाल ते साध्य करू शकता.” ही हाक पोकळ वाटली नाही, याचे कारण तिच्यामागे ही दुकाने, हा छापखाना आणि या बाहुल्या होत्या.

यांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत दुःखद साहस म्हणजे ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी. जून १९१९ मध्ये तिची नोंदणी झाली. एका भागाची (शेअरची) किंमत ५ डॉलर होती आणि एका व्यक्तीला २०० हून अधिक भाग घेता येत नसत, म्हणजे कोणी धनाढ्याने ती गिळंकृत करू नये अशी तजवीज होती. मोलकरणी, हमाल, स्वयंपाकी, शेतमजूर अशा हजारो लोकांनी घासातला घास काढून हे भाग विकत घेतले. गोव्यातील तारवटी कुटुंबांना या स्वप्नाचे मोल वेगळे सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना आपल्या माणसांची बोट, आपला कप्तान, आपला माल या कल्पनेने काय उभारी येते ते उमजेल. कंपनीने घेतलेले पहिले जहाज ‘यार्मथ’ तीस वर्षांहून जुने होते आणि ते तिच्या गळ्यात वाजवीपेक्षा कितीतरी अधिक किमतीला मारण्यात आले. १९२० च्या आरंभी व्हिस्कीने भरलेले हे जहाज क्यूबाकडे निघाले, वाटेत एका बाजूला कलले आणि त्यातील काही माल समुद्रात फेकून द्यावा लागला. तरीही हवाना बंदरात लोकांनी फुलाफळांनी त्याचे स्वागत केले. पुढच्या एका सफरीत जमैकाहून नारळ भरले होते. नारळ वेळेवर उतरवले नाहीत तर त्यांचे काय होते हे माडाखाली वाढलेल्या गोंयकाराला ठाऊक आहे. गार्वी यांनी मात्र भागधारकांना जहाज पाहता यावे म्हणून ते आधी निरनिराळ्या बंदरांत मिरवत नेले आणि नारळ जहाजातच कुजले. लोकांचा उत्साह आणि धंद्याचा हिशेब यांत जेव्हा जेव्हा निवड करायची वेळ आली, तेव्हा गार्वी यांनी उत्साहाची बाजू घेतली, आणि त्याची किंमत ज्यांनी ५ डॉलर भरले होते त्यांना मोजावी लागली. १९२२ पर्यंत कंपनी संपली होती.

सरकारचा डोळा त्यांच्यावर आधीपासूनच होता. तरुण अधिकारी जे. एडगर हूवर यांनी १९१९ मध्येच गार्वी यांना देशाबाहेर घालवण्यासाठी कायद्याची एखादी पळवाट शोधायला सुरुवात केली होती. अखेर टपालाद्वारे फसवणूक केल्याचा आरोप ठेवण्यात आला. कंपनीच्या मालकीचे नसलेले जहाज माहितीपत्रकातील चित्रात तिचे म्हणून दाखवले होते, हा त्या आरोपाचा आधार होता. गार्वी यांनी आपला वकील दूर केला आणि न्यायालयात स्वतःच स्वतःची बाजू मांडली, हा निर्णय त्यांना महागात पडला. ते एकाच कलमाखाली दोषी ठरले. त्या कलमाचा पुरावा म्हणून सरकारी पक्षाने बेनी डॅन्सी नावाच्या भागधारकाला आलेला एक लिफाफा हजर केला होता, आणि त्या लिफाफ्यात पत्र नव्हतेच. त्यांच्याबरोबरचे इतर आरोपी सुटले. गार्वी यांना मात्र पाच वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचा कारभार ढिसाळ होता हे मी वर लिहिलेच आहे. पण ढिसाळ कारभार आणि लबाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गार्वी यांनी स्वतःच्या चैनीसाठी पैसे लाटल्याचे सिद्ध झालेले नाही. बायडन यांच्या माफीचे महत्त्व मला या ठिकाणी दिसते.

फेब्रुवारी १९२५ मध्ये त्यांना अटलांटाच्या तुरुंगात टाकण्यात आले. तिथून त्यांनी आपल्या अनुयायांना पाठवलेला पहिला संदेश हा माझ्या मते त्यांच्या सर्व लेखनात सर्वांत उंच जागी जाऊन बसतो. “मला वावटळीत शोधा, वादळात शोधा, तुमच्या सभोवती सर्वत्र शोधा, कारण ईश्वरकृपेने मी येईन आणि अमेरिकेत व वेस्ट इंडीजमध्ये मरण पावलेल्या असंख्य काळ्या गुलामांना आणि आफ्रिकेतील लाखोंना माझ्यासोबत घेऊन येईन, तुमच्या मुक्तीच्या, स्वातंत्र्याच्या आणि जगण्याच्या लढ्यात तुम्हांला साह्य करण्यासाठी.” कोठडीत बंद झालेला माणूस आपल्या सुटकेविषयी अवाक्षर काढत नाही, आणि समुद्रात फेकल्या गेलेल्या, मळ्यांत गाडल्या गेलेल्या बेनाव पूर्वजांची फौज जिवंतांच्या पाठीशी उभी करतो. हा संदेश शाळेतील मुलांकडून पाठ करून घ्यावा अशा योग्यतेचा आहे. त्यांची पत्नी एमी जॅक्स यांनी १९२३ आणि १९२५ मध्ये त्यांची भाषणे व लेख दोन खंडांत प्रसिद्ध केले. नवरा तुरुंगात असताना संघटना सांभाळणाऱ्या आणि त्याचे शब्द राखणाऱ्या या स्त्रीचे ऋण गार्वी यांच्या प्रत्येक वाचकावर आहे.

त्यांच्या चुका झाकून त्यांचा गौरव करावा, असे मला मुळीच वाटत नाही. जून १९२२ मध्ये ते कु क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या म्होरक्याला अटलांटात जाऊन भेटले. दोन्ही वंशांनी वेगळे राहावे यावर आपले आणि त्यांचे एकमत आहे, अशा आशयाचे समर्थन त्यांनी दिले. ज्या टोळीने निरपराध माणसांना झाडांवर लटकावले, तिच्याशी बोलणी करणे ही अक्षम्य गोष्ट होती, आणि त्यांच्याच संघटनेतील अनेक माणसे त्यानंतर त्यांना सोडून गेली. रक्ताच्या शुद्धतेविषयी त्यांनी जे लिहिले तेही मला पटत नाही. माणसाला जन्मावरून तोलणाऱ्या विचाराचा पराभव तोच तराजू उलटा धरून होत नाही. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यासारख्या थोर विद्वानाने १९२४ मध्ये त्यांना कृष्णवर्णीयांचा सर्वांत घातक शत्रू म्हटले. ती टीका कठोर होती, आणि गार्वी यांनीही डू बॉइस यांच्यावर त्यांच्या उजळ वर्णावरून केलेले शेरे तितकेच अशोभनीय होते. दोन मोठी माणसे एकमेकांना इतकी दुखावू शकतात, हे वाचताना मन विषण्ण होते. इतके असूनही हे दोष पूर्णपणे मान्य करूनच मी म्हणतो की, ज्याने लाखो दबलेल्या माणसांची मान वर केली त्याला इतिहासाने केवळ चुकांच्या खात्यावर टाकणे अन्याय्य ठरेल.

नोव्हेंबर १९२७ मध्ये अध्यक्ष कूलिज यांनी त्यांची शिक्षा कमी केली आणि लगेच डिसेंबरमध्ये त्यांना अमेरिकेतून हद्दपार करण्यात आले. जमैकात त्यांनी १९२९ मध्ये राजकीय पक्ष काढला. न्यायाधीशांवर जाहीरनाम्यात टीका केल्याबद्दल पुन्हा तुरुंगवास भोगला, आणि नगरमंडळावर निवडूनही आले. कायदेमंडळाच्या निवडणुकीत मात्र ते पडले, कारण ज्यांच्यासाठी ते लढत होते त्यांतील बहुतेकांना मतदानाचा हक्कच नव्हता. १९३५ मध्ये ते लंडनला गेले. जानेवारी १९४० मध्ये त्यांना पक्षाघात झाला, त्यानंतर ते वारल्याची खोटी बातमी पसरली आणि वृत्तपत्रांतील आपलेच मृत्युलेख त्यांना अंथरुणावर पडून वाचावे लागले. १० जून १९४० रोजी त्यांचे खरोखर निधन झाले. आयुष्यभर आफ्रिकेचे नाव जपलेल्या या माणसाला आफ्रिकेच्या भूमीवर पाय ठेवता आला नव्हता. १९६४ मध्ये त्यांचे अवशेष जमैकात नेण्यात आले आणि जमैकाने त्यांना आपला पहिला राष्ट्रवीर मानले. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले. घानाच्या राष्ट्रध्वजावर जो काळा तारा आहे तो गार्वी यांच्या जहाज कंपनीच्या नावावरून आला, असे मानले जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जहाल नेते माल्कम एक्स यांचे आईवडील दोघेही गार्वी यांचे कार्यकर्ते होते.

आता हे सारे गोव्याशी कुठे येऊन मिळते ते सांगतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच प्रवासी लिन्स्कोटेन जुन्या गोव्यात राहिला होता. शहराच्या मुख्य रस्त्यावर दररोज भरणाऱ्या लिलावात इतर मालाबरोबर स्त्री, पुरुष, लहान, थोर असे गुलाम गुराढोरांसारखे विकले जात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांतील अनेक माणसे मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली असत. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. पोर्तुगिजांनी आपल्या साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने रद्द केली ती १८६९ मध्ये. म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे ही प्रथा या भूमीत नांदली आणि आपल्या जमीनदार घराण्यांनी तिचा लाभ घेतला. जुन्या गोव्यातील चर्च पाहायला जगभरातून माणसे येतात. त्या लिलावाची माहिती देणारा एखादा फलक मात्र तिथे माझ्या पाहण्यात आलेला नाही. गार्वी यांनी अटलांटाच्या कोठडीतून ज्या असंख्य मृतांना हाक दिली, त्यांचे भाऊबंद आपल्याही मातीत आहेत.

आणि मानसिक गुलामगिरीचे निदान आपल्याकडे स्वतंत्रपणे झालेले आहे. चांदरचे सुपुत्र त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर निबंध लिहिला. परकी सत्ता जमिनीवर जितकी असते त्याहून अधिक ती मनावर बसते आणि आपल्याच माणसांना आपल्या संस्कृतीची लाज वाटायला लावते, ही त्यांची मांडणी गार्वी यांच्या नोव्हा स्कॉशियातील भाषणाशेजारी ठेवून वाचावी. कुन्हा यांनाही १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पियो गामा पिंटो यांनी गोव्याच्या मुक्तीसाठीही काम केले आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठीही. ब्रिटिशांनी त्यांना कित्येक वर्षे विनाचौकशी स्थानबद्ध केले. स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली, माल्कम एक्स यांच्या हत्येनंतर अवघ्या तीन दिवसांनी. पिंटो यांचे नाव आज गोव्यातल्या किती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

याच गोव्यात २०१३ मध्ये एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर पर्वरीला महामार्ग रोखला गेला. त्यानंतर एका मंत्र्याच्या तोंडून संपूर्ण समाजाची तुलना कर्करोगाशी झालेली आपण ऐकली. अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला, मग तो कुठल्याही देशाचा असो, शिक्षा झालीच पाहिजे. परंतु शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलाला त्याच्या कातडीकडे पाहून भाड्याची खोली नाकारायची आणि रात्री त्याच्याच वंशाच्या गायकाच्या गीतावर ताल धरायचा, ही वागणूक आपल्याला शोभत नाही.

समाजमाध्यमांवर गार्वी यांच्या नावाने फिरणारे सुविचार वाचून ही उणीव भरून निघणार नाही. इतिहास न जाणणारा समाज मुळे नसलेल्या झाडासारखा असतो, हे वाक्य त्यांचे म्हणून सर्वत्र पाठवले जाते. तशा अर्थाचे वाक्य हार्लेममधील अभ्यासक चार्ल्स सायफर्ट यांच्या १९३८ मधील पुस्तिकेत आढळते. म्हणून गार्वी मुळातून वाचायला हवेत, आणि मराठीत वाचायला हवेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो, तेव्हा त्यांच्या भाषणांच्या मराठी अनुवादाला आज कायद्याची आडकाठी नाही. निवडक भाषणांचा एक नेटका अनुवाद गोव्यातील एखाद्या साहित्यसंस्थेने हाती घ्यावा आणि त्याच्या प्रती पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयापासून तालुक्यांच्या वाचनालयांपर्यंत पोहोचाव्यात. जुन्या गोव्यातील गुलामांच्या बाजाराविषयी पुरातत्त्व विभागाने फलक उभारावा, ही मागणीही मी या पत्राद्वारे करीत आहे. आपण आपल्या परीने येत्या १७ ऑगस्टला, गार्वी यांच्या जयंतीदिनी, सिडनी येथील भाषण आणि अटलांटाचा संदेश असे दोन्ही मजकूर पूर्णपणे मराठीत छापावेत, त्यांतील एकही वाक्य न गाळता. अनुवादासाठी हवी ती मदत विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
म्हार्दोळ, फोंडा